नाशिक जिल्ह्याचा डांग भाग आणि कोकणा समाज

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्याला 'डांग' आणि पूर्वेकडील सपाट प्रदेशाला 'देश' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. सुरगाणा व पेठ हे तालुके आणि कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी व बागलाण या तालुक्यांचा सह्याद्रीलगतचा भाग डांगात मोडतो. कोकणा (कोकणी, कुकणा) ही या पट्ट्यातील एक प्रमुख आदिवासी जमात असून तिच्याबरोबर महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल व कातकरी या जमातींचीही येथे वस्ती आहे.

डांगात पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो. पण तीव्र उतार व कठीण खडक यांमुळे तो जमिनीत मुरत नाही. जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या या भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची तीव्र टंचाई जाणवते. कोकणा समाजाची शेती, आहार, घरबांधणी, सण आणि हंगामी स्थलांतर यांची घडण समजून घेताना ही विसंगती ध्यानात घ्यावी लागते. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने कसे काढायचे, या प्रश्नाला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेले उत्तर म्हणजे त्याची जीवनपद्धती होय.

(गुजरात राज्यातील डांग जिल्हा या भागाला लागून आहे. भूरचना आणि लोकवस्ती या दृष्टींनी दोन्ही प्रदेशांत मोठे साम्य असले, तरी प्रशासकीयदृष्ट्या ते वेगळे आहेत.)

## भौगोलिक पार्श्वभूमी

### भूरचना व नद्या

सह्याद्रीची मुख्य रांग नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातून दक्षिणोत्तर जाते. तिच्यापासून पूर्वेकडे सातमाळा व सेलबारी-डोलबारी या उपरांगा फुटतात. बागलाण तालुक्यातील साल्हेर (१,५६७ मीटर) हा कळसूबाईनंतर महाराष्ट्रातील सर्वाधिक उंचीचा डोंगर याच भागात आहे.

ही रांग जलविभाजक आहे. तिच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या गोदावरी, दारणा, कादवा व गिरणा या नद्या देशाकडे वाहतात. दमणगंगा, पार, नार, अंबिका व वैतरणा या नद्या पश्चिमेकडे वळून अरबी समुद्राला मिळतात. सुरगाणा व पेठ तालुक्यांचा बहुतांश भाग या पश्चिमवाहिनी नद्यांच्या खोऱ्यांत येतो. नद्यांनी खोल दऱ्या कोरल्यामुळे येथील प्रदेश तुटक झाला आहे. पाडे डोंगराच्या सोंडेवर किंवा उतारावर वसलेले असतात, तर नदी दरीच्या तळाशी वाहते. दोन पाड्यांमधील सरळ अंतर थोडे असले, तरी दरी उतरून पुन्हा चढण्यात बराच वेळ जातो. नाशिकहून पेठला जाताना लागणारा सावळ घाट हा देश आणि डांग यांच्यामधील उंबरठाच म्हणता येईल.

### पर्जन्यमान

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि पश्चिम उतारावर भरपूर पाऊस देतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा येथे सरासरी वार्षिक पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. पूर्वेकडील सिन्नर, येवला व नांदगाव हे तालुके पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे पाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांमधील अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून फारसे अधिक नाही. डांगातील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेले आठ महिने कोरडे जातात.

### खडक व मृदा

हा सर्व प्रदेश दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी धरून ठेवणारी छिद्रे कमी असतात. पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरांत. उतारावरील मातीचा थर पातळ असल्याने पावसाचे पाणी माती घेऊनच ओढ्यांना मिळते आणि थोड्याच वेळात दरीत उतरते. माथ्यावरील माती तांबूस व हलकी असते, तर दरीच्या तळाशी आणि ओढ्यांच्या काठी वाहून आलेली सकस माती साचते. जमिनीच्या या दोन प्रकारांवरच येथील पीकपद्धती आधारलेली आहे.

## कोकणा समाज

भारतीय संविधानानुसार कोकणा ही महाराष्ट्रातील अनुसूचित जमात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात या जमातीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ८७ हजार होती. नाशिकखेरीज पालघर, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आणि गुजरातमधील डांग, वलसाड व नवसारी या जिल्ह्यांतही हा समाज आढळतो. याच जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत सर्व अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २५.६ टक्के होते. राज्याच्या पातळीवर ते सुमारे ९.४ टक्के होते. सुरगाणा व पेठ या तालुक्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे.

जमातीच्या नावाचा संबंध कोकणाशी जोडला जातो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात आपले पूर्वज उत्तर कोकणातून डोंगर चढून वर आले, अशी समजूत परंपरेने चालत आली असून तिची नोंद जुन्या मानववंशशास्त्रीय लेखनात आढळते. कोकणा बोली मराठीला जवळची असून तिच्यावर अहिराणी, भिली व गुजराती या शेजारच्या भाषांचा प्रभाव आहे. गोव्यातील कोकणी भाषेहून ही बोली वेगळी आहे.

## शेती

### खाचर आणि वरकस

कोकणा शेतकऱ्याकडे सर्वसाधारणपणे दोन प्रकारची जमीन असते. ओढ्याकाठच्या किंवा बांध घालून सपाट केलेल्या तुकड्यांना खाचर म्हणतात. तेथे भात होतो. डोंगरउतारावरील हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. तेथे नागली (नाचणी), वरई, खुरसणी, उडीद व कुळीथ ही पिके घेतली जातात. खाचराखालील जमीन थोडी आणि वरकस अधिक, असे प्रमाण असल्याने भात महत्त्वाचा असला, तरी नागली हेच या भागाचे मुख्य अन्न ठरले.

वरकस जमिनीत पिकांचा ठराविक फेरा असतो. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, त्यानंतर खुरसणी किंवा उडीद आणि मग काही वर्षे जमीन पडीक, असा हा क्रम होय. नागलीला जमिनीचा कस अधिक लागतो, म्हणून ती प्रथम येते. पडीक काळात गवत व झुडपे वाढून जमिनीचा कस भरून येतो. कुटुंबाची जमीन कमी होत गेली, तसा हा विश्रांतीचा काळ आखडत गेला आणि उत्पन्नही घटले.

### राब

पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेची जमीन भाजण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. चैत्र-वैशाखात निवडलेल्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचतात, त्यांवर माती पसरतात आणि ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सावकाश पेटवतात. उष्णतेने तणाचे बी व कीड नष्ट होते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून रोपांना पोषक द्रव्ये मिळतात. पहिला पाऊस पडताच या भाजलेल्या जमिनीत बी फेकले जाते.

राबामागे हवामानाचा हिशेब आहे. जूनमध्ये पावसाची झड सुरू झाली की तण जोमाने वाढते आणि ते काढायला उसंत मिळत नाही. म्हणून ते उगवण्याआधीच जाळले जाते. मात्र राबासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून वनखाते आणि शेतकरी यांच्यात या पद्धतीवरून मतभेद होत आले. वनस्पतींची हानी होते हा आक्षेप जसा खरा आहे, तसाच रासायनिक खत विकत घेण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याला दुसरा सोपा पर्याय नव्हता, हेही खरे आहे.

### आवणी व सावड

रोपे तयार झाल्यावर आषाढात ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. या लावणीला नाशिकच्या पश्चिम भागात 'आवणी' म्हणतात. खाचरात योग्य पाणी असलेले दिवस मोजकेच मिळतात आणि एका कुटुंबाला तेवढ्यात काम उरकता येत नाही. त्यामुळे आज एकाच्या शेतावर, तर उद्या दुसऱ्याच्या शेतावर सर्वांनी मिळून राबण्याची 'सावड' पद्धत रूढ झाली. सावडीत मजुरी द्यावी लागत नाही. घेतलेल्या श्रमांची फेड श्रमांनीच होते.

भातानंतर नागली व वरई यांची लावणी होते. अश्विन-कार्तिकात पिके काढणीला येतात. वरईपासून तयार होणारी भगर उपवासाचे अन्न म्हणून महाराष्ट्रभर खाल्ली जाते. नाशिक शहर हे भगर तयार करण्याचे मोठे केंद्र आहे. डोंगरातील हे रोजचे अन्न अशा रीतीने इतरत्र व्रताचे अन्न बनले आहे.

## जनावरे

अतिवृष्टीच्या या पट्ट्यात डांगी हा गोवंश विकसित झाला. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांचा डोंगराळ भाग हे त्याचे मूळ क्षेत्र होय. या जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे सततच्या पावसातही अंगावर पाणी टिकत नाही. त्यांचे खूर काळे व टणक असल्याने चिखलात आणि खडकाळ वाटेवर ती सहज चालतात. देशावरील मोठ्या चणीचे बैल आवणीच्या चिखलात टिकत नाहीत. डांगी बैल मात्र तासन्‌तास काम करतो. इगतपुरी तालुक्यातील घोटी हा या जनावरांचा प्रसिद्ध बाजार आहे. या गोवंशाच्या संगोपनात महादेव कोळी, ठाकर व कानडी या समाजांचा मोठा वाटा आहे.

## रान आणि आहार

डांगातील वने पानझडी प्रकारची आहेत. साग, सादडा (ऐन), खैर, मोह, टेंभुर्णी, पळस, आंबा व बांबू ही येथील महत्त्वाची झाडे. वर्षाच्या ज्या काळात शेत काही देत नाही, नेमक्या त्याच काळात रान अन्न पुरवते, हे कोकणा आहाराचे वैशिष्ट्य आहे.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात; ती पहाटे वेचून वाळवतात. पुढे मोहाच्या बियांपासून तेल काढतात. वैशाखात करवंदे, आंबे व टेंभुर्णीची फळे मिळतात. ज्येष्ठ-आषाढ हा सर्वांत बिकट काळ असतो. कणगीतील धान्य संपत आलेले असते, नवे पीक अजून जमिनीत असते आणि श्रम मात्र सर्वाधिक असतात. पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या रानभाज्या या वेळी ताटात येतात. शेवळे, कवळी, चाई, कुर्डू, टाकळा, रानअळू, बांबूचे कोवळे कोंब व आळंबी यांचा त्यांत समावेश होतो. ओढ्यांतील खेकडे आणि पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, ज्यांना चढणीचे मासे म्हणतात, यांनी आहारात भर पडते.

यांपैकी अनेक पदार्थ नीट प्रक्रिया केल्याशिवाय खाता येत नाहीत. शेवळे घशाला खाजते, म्हणून त्यात आंबट पाला किंवा फळ घालतात. कडूकंद राखेच्या पाण्यात उकळून, वारंवार धुऊन त्याचा कडवटपणा घालवावा लागतो. कोणती भाजी केव्हा खुडायची आणि किती दिवसांनी ती जून होते, हे ज्ञान मुख्यतः स्त्रियांनी जपले आहे.

नागलीची भाकरी हा रोजच्या जेवणाचा आधार असतो. नागलीत कॅल्शियमचे प्रमाण विपुल असून (शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम) ती कणगीत दीर्घकाळ कीड न लागता टिकते. चार महिने दमट आणि आठ महिने कोरड्या असलेल्या प्रदेशात टिकाऊपणाचा हा गुण पौष्टिकतेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

धान्यटंचाईच्या पावसाळी महिन्यांसाठी कुटुंबे पूर्वी सावकाराकडून धान्य उसने घेत आणि सुगीत ते वाढीव मापाने फेडत. या कर्जातून सुटका व्हावी म्हणून राज्य शासनाने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना राबवली. २०२० मध्ये तिचे अनुदान योजनेत रूपांतर करण्यात आले.

## घर आणि वस्ती

कोकणा वस्ती पाड्यांत विखुरलेली असते. उतारावर एकाच ठिकाणी मोठे गाव वसवण्याइतकी सपाट जागा मिळत नाही आणि शेताजवळ राहणे सोयीचे पडते, ही त्याची कारणे होत. एका महसुली गावात अनेक पाडे असतात.

पारंपरिक घर लाकडी खांबांवर उभे असते. कारवी किंवा बांबू यांच्या कुडावर शेणमातीचा लेप देऊन भिंती तयार करतात. पावसाचे पाणी चटकन ओघळावे म्हणून छपराचा उतार तीव्र ठेवतात आणि भिंतीवर झड येऊ नये म्हणून वळचण बरीच खाली आणतात. पूर्वी छपरे गवताने शाकारत. पुढे कौले आणि अलीकडे पत्रे व सिमेंटची घरे आली. घरातच एका बाजूला गुरे बांधण्याची जागा असते. चुलीच्या वर माळा असून त्यावर बियाणे, धान्य व सरपण ठेवतात. चुलीच्या धुराने ते कोरडे राहते आणि बियाण्याला कीड लागत नाही. धान्यासाठी बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी वापरतात.

पावसात शेतात काम करताना डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे, बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले वापरले जाई. वाकून आवणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्याची सोय. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे.

## दैवते आणि सण

कोकणा समाजाचे सण शेतीच्या व पावसाच्या क्रमाला बांधलेले आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला 'तेरा' (रानअळू) या भाजीचा नैवेद्य दाखवल्यानंतरच ती खाण्यास प्रारंभ होतो. कोवळी पाने उगवताच खुडली जाऊ नयेत, हा उद्देश अशा प्रथांतून आपोआप साधला जातो.

अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी होते. शिवेवरील लाकडी किंवा दगडी वाघदेवाची पूजा केली जाते. त्यावर वाघाबरोबर सूर्य, चंद्र व नाग कोरलेले असतात. रानात गुरे चारणाऱ्या गुराख्यांचा या सणात विशेष सहभाग असतो. या वनांतून वाघ नाहीसा झाला, बिबट्या उरला. मात्र वाघदेवाची पूजा चालू आहे.

कणसरी ही धान्याची देवता होय. सुगीच्या वेळी तिची कथा थाळीवर गातात. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि तिच्यावरून बोटे ओढून संथ नाद काढतात. त्या नादाच्या साथीने रात्रभर कथा चालते. धान्याचा अनादर झाल्यास कणसरी निघून जाते, ही भावना या कथांच्या मुळाशी आहे.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. पीक घरात आल्यावर व्रत धरलेले भक्त, ज्यांना माऊल्या म्हणतात, पावरी या वाद्याच्या तालावर फेर धरून गावोगाव नाचतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावरील ठरलेल्या स्थानी व्रताची सांगता करतात. पावरी हे दुध्या भोपळा व बांबू यांपासून बनवलेले फुंकवाद्य आहे. ज्या डोंगरातून पाणी, लाकूड व अन्न मिळते, त्यालाच येथे देव मानले आहे. होळीनंतर, शेतीची कामे नसलेल्या दिवसांत, भोवाडा (बोहाडा) हा मुखवट्यांचा नृत्योत्सव होतो.

## पाणीटंचाई

डांगातील पाण्याचा पारंपरिक आधार म्हणजे झरे, ओढ्याच्या पात्रात खणलेले झिरे आणि उथळ विहिरी. माघ-फाल्गुनापर्यंत बहुतेक झऱ्यांचे पाणी आटू लागते. त्यानंतर दरी उतरून पाणी आणावे लागते आणि हे काम जवळजवळ सर्वत्र स्त्रिया व मुली करतात. पेठ व त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील काही पाड्यांवर महिला जीव धोक्यात घालून विहिरीच्या तळाशी उतरतात आणि वाटीने पाणी भरतात. अशी दृश्ये २०२२ च्या उन्हाळ्यात देशभरच्या वृत्तमाध्यमांनी दाखवली. पाऊस सुरू झाला की अडचणीचे रूप पालटते. ओढ्यांना पूर येतो, पाड्यांचा संपर्क तुटतो आणि आजारी माणसाला झोळी करून रस्त्यापर्यंत न्यावे लागते.

या प्रदेशात पाणी साठवलेच गेले नाही, असे नाही. त्र्यंबकेश्वर-इगतपुरी पट्ट्यातील ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, गंगापूर धरण नाशिक शहराची तहान भागवते आणि दारणेचे पाणी देशावरील शेतीला मिळते. मात्र ही धरणे खालच्या प्रदेशांसाठी बांधली गेली. उंचावरील पाड्यांपर्यंत त्यांचे पाणी उचलून आणणे खर्चाचे असल्याने धरणाच्या पाणलोटातील गावांनाच टँकरची वाट पाहावी लागते, असे अनेक ठिकाणी घडते. ओढ्यांवर वाळू-मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घालणे, समतल चर खणणे आणि झऱ्यांचे पाणलोट जपणे हे उपाय या भूरचनेला अधिक जुळणारे मानले जातात.

## हंगामी स्थलांतर

भात व नागली घरात आली की डांगातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. दुसरे पीक घेण्यास पाणी नसणे, हे त्याचे मुख्य कारण आहे. दिंडोरी, निफाड व नाशिक या तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबरमधील छाटणीपासून मार्च-एप्रिलमधील काढणीपर्यंत मजुरांची गरज असते. हाच काळ डांगातील कोरड्या हंगामाचा असल्याने दोन्हींची सांगड बसली. कांदा लागवड, वीटभट्ट्या, बांधकामे आणि गुजरातमधील शेती व कारखाने याही ठिकाणी हे मजूर जातात. होळीच्या सुमारास अनेक जण गावी परततात आणि राबाच्या तयारीला लागतात.

देशावरील निर्यातक्षम द्राक्षशेती या श्रमावर उभी आहे. नाशिकची 'द्राक्षनगरी' ही ओळख सर्वश्रुत आहे. ती घडवण्यात डांगातील मजुरांचा जो वाटा आहे, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

स्थलांतराचा सर्वांत मोठा फटका मुलांच्या शिक्षणाला बसतो. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटते. निवासी आश्रमशाळांमुळे यावर काही प्रमाणात तोडगा निघाला. नाशिक जिल्ह्यात या कार्याचा पाया घालणाऱ्या संस्थांत दादासाहेब बिडकर यांच्या डांग सेवा मंडळाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय नाशिक येथे असून जिल्ह्यात नाशिक व कळवण येथे प्रकल्प कार्यालये आहेत.

## वनकायदे आणि जमिनीचा हक्क

पूर्वी उतारावरील झुडपे तोडून व जाळून काही वर्षे पीक घेणे आणि मग दुसरीकडे जाणे, ही फिरती शेतीची पद्धत सह्याद्रीच्या उत्तर भागात प्रचलित होती. तिला 'दळ्ही' म्हणत. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या आणि फिरती शेती अतिक्रमण ठरली. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट कायम ठेवली. ज्या जमिनी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, त्यांचा सातबारा वनखात्याच्या नावावर राहिला.

स्वातंत्र्यानंतर पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके पूर्णतः आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाण यांतील अनेक गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित झाली. येथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना कमाल चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हक्क मागण्याची तरतूद केली. मात्र दावे नाकारले जाणे आणि कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्राचा वनपट्टा मिळणे, या तक्रारी कायम राहिल्या. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला आणि १२ मार्च रोजी मुंबईत आझाद मैदानावर पोहोचलेला शेतकऱ्यांचा 'लाँग मार्च' याच असंतोषातून उभा राहिला. सुमारे १८० किलोमीटर पायी चाललेल्या या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी व कळवण भागातील आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा असा मोर्चा निघाला.

## नदीजोड प्रकल्प

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी इतरत्र वळवण्याच्या पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पात सात धरणे प्रस्तावित होती. त्यांपैकी झरी हे धरण नाशिक जिल्ह्यात, तर उर्वरित सहा गुजरातमध्ये होती. दरीच्या तळाची सकस खाचरे बुडतील, वर फक्त वरकस उरेल आणि पाणी दूरच्या प्रदेशाला जाईल, हा विरोधामागील मुख्य मुद्दा होता. २०२२ मध्ये दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी मोठी आंदोलने केल्यानंतर गुजरात सरकारने प्रकल्प रद्द करत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील काही गावांनी रस्ते, पाणी व आरोग्यसेवा यांच्या अभावाकडे लक्ष वेधण्यासाठी गुजरातमध्ये समाविष्ट होण्याची मागणी केली.

## बदलती स्थिती

अलीकडच्या काळात डांगाची पीकपद्धती बदलू लागली आहे. हतगड-बोरगाव परिसरातील थंड हवेचा लाभ घेऊन स्ट्रॉबेरीची लागवड होते. आंबा व काजू यांची कलमे वरकस जमिनीत लावली जातात आणि इगतपुरी भागात इंद्रायणी भाताने अनेक जुन्या वाणांची जागा घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर नागलीला शहरी बाजारपेठेत मागणी वाढली. नागलीचे पापड, बिस्किटे व शेवया तयार करणारे महिला बचत गट आता अनेक गावांत आहेत. दुसरीकडे शिधापत्रिकेवरील गहू व तांदूळ, मजुरांची अनुपलब्धता आणि पावसाची वाढती अनियमितता यांमुळे घरच्या ताटातून नागली कमी होत आहे. शहरात ती आरोग्यदायी अन्न म्हणून विकत घेतली जात असताना डांगातील नव्या पिढीला तिची आवणी करण्याचा अनुभव कमी मिळतो.

बी माळ्यावर ठेवणे, राब भाजणे, सावडीने आवणी करणे, रानभाजी ओळखणे आणि सुगीनंतर देशाकडे उतरणे या सर्व गोष्टी एकाच पावसाच्या हिशेबाने परस्परांशी जोडलेल्या होत्या. त्यांपैकी सुगीनंतरची वाट आज सर्वाधिक वर्दळीची आहे. ज्या पाड्यांवर बंधारे घालून किंवा झरे जपून उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकवता आले, तेथे भाजीपाला किंवा हरभरा यांसारखे दुसरे पीक शक्य होते आणि तेवढ्या प्रमाणात बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची संख्याही घटते.